वंशावळीत नसलेली आत्या: खानापूर तालुक्यातल्या एका मांडणशिल्पाचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढं, एका गलाई कुटुंबाच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा असलेल्या कुटुंबाच्या, बंद घरात यात्रेचे दोन दिवस एक मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) उभं राहिलं. ते करणारी मुलगी त्याच घराची नात. जन्म कोइमतूरचा, शिक्षण शिल्पकलेचं. विषय तिनंच निवडला होता: कुटुंबात कोण मोजलं जातं, आपण कुठले, आणि ‘आमचं गाव’ म्हणायचा हक्क कशानं मिळतो. मी विट्यात चित्रकला शिकवतो. तिला स्थानिक माणसाची मदत हवी होती, म्हणून पहिल्या रेखाटनापासून सामान आवरेपर्यंत मी या कामात होतो. गाव लहान आहे. त्यामुळं गावाचं किंवा घरातल्या कुणाचं नाव इथं देत नाही.

ज्या आराखड्यावर काम सुरू झालं, त्यावर ते संपलं नाही. मधे काय घडलं ते तपशिलात लिहून ठेवावंसं वाटतं. आपल्या घराण्यावर, गावावर काम करू पाहणारी बरीच मुलं-मुली आता आपल्याकडं आहेत आणि हाच पेच त्यांच्यापुढंही येणार आहे.

घर आणि धंदा

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि लगतचे साताऱ्यातले खटाव, माण हा सगळा कमी पावसाचा पट्टा. टेंभू योजनेचं पाणी अलीकडं काही शिवारांत पोचलंय, पण त्याआधी कित्येक पिढ्या येरळेच्या कोरड्या पात्राकडं बघत गेल्या. शेतीवर भागेना म्हणून इथली पोरं बाहेर पडली आणि सोन्या-चांदीच्या गलाईत शिरली. १९७२ च्या दुष्काळानं हा ओघ वाढवला. एक भाऊ जायचा, जागा बघायचा, दुकान टाकायचा. मग धाकट्याला, मग मेव्हण्याला, मग भावकीतल्या एखाद्या शाळा सुटलेल्या पोराला बोलावून घ्यायचा. दक्षिणेत केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेत काश्मीरपर्यंत सराफी पेठांतून आज ही माणसं भेटतात. गावात त्यांच्याबद्दल एवढंच म्हणतात, “पोरगा दुकानावर असतोय.”

गलाई म्हणजे भेसळीचं सोनं शुद्ध करणं. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवतात, तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे तेजाबात, उकळतात. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती भुकटी म्हणजेच सोनं. धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, वितळवली की तिला पिवळा रंग येतो. विरघळलेली चांदी द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवतात. तेजाब उकळताना निघणारा नारिंगी-तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा, छातीला फार वाईट. पहिल्या पिढीनं तो लहानशा खोलीत एका खिडकीशी बसून घेतला आणि त्या पैशातून गावाकडं घरं उभी केली.

ही घरं वर्षातला बहुतेक काळ बंद असतात. यात्रा, लग्न, दहावं-तेरावं एवढ्यापुरती उघडतात. आपलं हे घर पुढून जुनं: दगडी सोपा, आत माजघर, मागं परस. वरचा स्लॅबचा मजला नंतर चढवलेला. आजोबा तरुणपणी कोइमतूरला गेले. आजी इथंच राहिली, मुलं तिनं इथंच वाढवली. तिन्ही मुलगे पुढं बापाच्या मागं गेले, दोन्ही मुली जवळपासच्या गावांत दिल्या. आजी गेल्यापासून घराला कुलूप आहे.

नातीचं बालपण घरात मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत इंग्रजी असं गेलं. यात्रेला गावी आलं की कुलदैवत म्हणून औंधच्या यमाईला जायचं ठरलेलं. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते १९३८ साली उभारलं. तिथं राजा रविवर्म्यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. बाकीची भावंडं बाहेर रसवंतीवर थांबायची आणि ही आत त्या शिल्पापुढं उभी असायची, असं तिचे वडील सांगतात. खानापूरच्या एका पोरीनं जगातल्या एका मोठ्या शिल्पकाराचं काम देवाला जाता-जाता पाहिलं. आमच्या भागाचा मला अभिमान वाटतो तो अशा गोष्टींसाठी.

पहिला आराखडा

ती आली तेव्हा तिच्याजवळ पक्की रेखाटनं होती. सोप्यात जमिनीवर चुन्यानं भारताचा नकाशा आणि गावची माणसं जिथं-जिथं आहेत त्या शहरांवर वापरलेल्या मुशी. माजघरात गावातल्या बंद घरांच्या चाव्या लाल धाग्यांनी छताला टांगलेल्या. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं घराण्याची वंशावळ. आणि परसात काचेआड खरी गलाई, खऱ्या धुरासकट.

धुराची कल्पना पहिल्याच बोलण्यात सुटली. यात्रेत लेकरंबाळं येणार, तिथं तेजाब आणणं धोक्याचं. चाव्यांबद्दल मी विरोध केला. २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात चिहारु शिओता या कलावंतानं लाल धाग्यांच्या जाळ्यात हजारो चाव्या टांगल्या होत्या, आणि ते काम तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणजे आमचं काम त्याची नक्कल वाटलं असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटलं. आमच्याकडं बंद घराची चावी कुणीतरी सांभाळत असतं, तिला दोरीनं टांगलं की ते सांभाळणारं माणूस दिसेनासं होतं. तिला हे पटलं, पण चाव्यांच्या जागी काय, ते तेव्हा दोघांनाही सुचलं नाही.

वंशावळीवर मात्र तिचा जीव होता. त्यासाठी तिनं हेळव्याला गाठलं. हेळवी ही वंशावळी सांभाळणारी भटकी जमात. मुळातली कर्नाटकातली, पण सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडची कितीतरी घराणी त्यांच्या वह्यांत आहेत. पूर्वी ते बैल घेऊन गावोगाव फिरायचे, दारात उभं राहून पूर्वजांची नावं म्हणायचे, नव्या जन्मांची नोंद करायचे आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या गावाला जायचे. या घराचा हेळवी मोटारसायकलवरून आला. सोप्यात मांडी घालून त्यानं वही उघडली आणि न अडखळता सात पिढ्या वाचल्या. ज्या आजोबांना नात फक्त दुकानाच्या गल्ल्यामागं बसलेले ओळखत होती, त्यांच्या आजोबांनी कुठल्या गावाहून येऊन इथं वस्ती केली हे तिला त्या सकाळी कळलं. तिचे डोळे भरून आले होते. पुढं तिनं शिडीवर उभं राहून सगळी नावं भिंतीवर काढली, मूळ पुरुषापासून चुलत भावांच्या मुलांपर्यंत. भिंत सुंदर दिसत होती.

“ह्यात माजं नाव कुठं हाय?”

यात्रेआधी घर झाडून घ्यायला थोरली आत्या आली. सत्तरी ओलांडलेली, दिलेली शेजारच्या गावात. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं वाचता येतं. केरसुणी हातात तशीच धरून ती भिंतीपुढं बराच वेळ उभी राहिली. मग भाचीला म्हणाली, “ह्यात माजं नाव कुठं हाय गं?”

“आत्या, हेळव्याच्या वहीत मुलींची नावं नाहीत.”

“आन् तुजं?”

भाचीचंही नाव तिथं नव्हतं. लिहिताना ते तिच्या ध्यानात आलं होतं, वहीत आहे तसं दाखवायचं म्हणून ती गप्प राहिली होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. आत्या रागावली नाही. ती माजघर झाडायला गेली. पण काम तिथंच थांबलं, कारण कुटुंबावरच्या त्या मांडणीत ती करणारीच नव्हती आणि घर जिवंत ठेवणारीही नव्हती.

मुलींची नावं भिंतीवर वाढवावीत, हा सगळ्यांना सुचलेला उपाय. तिच्या वडिलांनाही तो मान्य होता. मी आणि ती, दोघंही त्याच्या विरुद्ध गेलो. हेळव्याची वही हा त्याचा वारसा आहे, त्याच्या बापजाद्यांनी पायी फिरून जमवलेला. त्यात आपल्या हातानं नावं घुसवली तर त्याचं काम खोटं पडतं. शिवाय नावं वाढवली की असं वाटतं, की ती पहिल्यापासून तिथं होती. ती नव्हती, आणि का नव्हती हे दिसायला हवं. भिंत पुसून टाकणं त्याहून वाईट झालं असतं. म्हणजे भिंत आहे तशी ठेवायची आणि तिच्यासमोर उभं राहील असं काहीतरी शोधायचं.

ते आत्याकडंच होतं. माजघराच्या फडताळात बिस्किटाचा पत्र्याचा जुना डबा आणि त्यात वाकवलेल्या तारांना टोचलेले कागद. एका तारेला आजोबांच्या मनीऑर्डरींची कुपनं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरापुरती एक पट्टी असायची, पोस्टमन ती फाडून पैशांबरोबर द्यायचा. पोस्टानं ती जुनी पद्धत २०१५ मध्ये बंद केली. पट्टीवर दोन-तीन ओळी मावायच्या: पैसे पोचल्याचं कळवावे, थोरलीचा ताप उतरला का, बैल विकू नये. दुसऱ्या तारेला लाइटबिलं. तिसऱ्या तारेला ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या. पावतीवर वर घरमालक म्हणून आजोबांचं नाव, ते वारल्यानंतरही तेच. आणि खाली, पैसे कुणाच्या हस्ते जमा झाले त्या रकान्यात, आजी गेल्यापासूनच्या प्रत्येक वर्षी आत्याचं नाव. एकही वर्ष चुकलेलं नाही. काही पावत्यांवर ग्रामसेवकाच्या अक्षरात, दोन-चारांवर तिच्या स्वतःच्या, मोठ्या आणि सुट्या-सुट्या.

भाऊ पैसे पाठवायचे, हे खरं आहे. पण अमावस्या-पौर्णिमेला येऊन देवापुढं दिवा लावणं, पावसाळ्याआधी स्लॅबवरचा पाला काढणं, वाळवी बघणं, यात्रेआधी अंथरुणं उन्हात टाकणं, ग्रामपंचायतीत जाऊन रांगेला उभं राहणं हे सगळं तिनं केलं. माहेर म्हणून केलं. तिला त्याचं कुणी नाव घ्यावं अशी अपेक्षाही नव्हती, ती भिंत बघेपर्यंत.

घरातली अडचण

इथून पुढचा भाग कलेपेक्षा घराचा आहे, पण तो टाळला तर हे प्रकरण समजायचं नाही.

तिघा भावांनी त्याच वर्षी घर आणि जमीन आपापल्या नावावर करून घ्यायचं मनावर घेतलं होतं आणि बहिणींच्या सहीसाठी हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा, मसुदा तयार होता. आपल्याकडं हे इतकं रुळलेलं आहे, की बहिणीनं सही केली नाही तर गाव तिलाच बोल लावतं. कायदा वेगळं सांगतो. घर आजोबांच्या स्वकमाईचं मानलं, तर मृत्युपत्र नसताना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मानलं, तर महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना जन्मतः वाटा दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली त्यांना वगळलं, आणि आत्याचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं ही अट ठेवली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं की वडील २००५ मध्ये हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. तेव्हा आधी वाटणी झालेली नसेल, तर आत्याचा वाटा दोन्ही बाजूंनी उभा राहतो.

भाचीला तो कोरा, सही नसलेला मसुदा पावत्यांच्या ओळीत शेवटी लावायचा होता. धाकट्या चुलत्यांनी ऐकल्याबरोबर आवाज चढवला. घरातले कागद यात्रेत मांडायचे म्हणजे भावाभावांत भांडण आहे असं गाव म्हणणार, आणि पावत्यांवर बहिणीचं नाव दाखवणं म्हणजे तिला कोर्टात जायचा रस्ता दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. थोरले चुलते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, “घरपट्टी कधी किती भरली हे मला आज कळतंय.”

निकाल आत्यानं दिला. पावत्या लावायला तिची हरकत नव्हती. “त्या खऱ्या हायेत, लाव.” हक्कसोडाच्या कागदाला मात्र तिनं हात लावू दिला नाही. “माज्या भावास्नी गावात मान खाली घालाय लागंल आसं काय करू नगंस.” भाची तिच्याशी भांडली, रडली, पण ऐकलं.

मला तो कागद तिथं हवा होता. तो असता तर बाहेरच्या माणसाला सगळी ओढाताण एका नजरेत कळली असती. तरीही आत्याचा शब्द शेवटचा मानला हे मला मनापासून योग्य वाटतं. पावत्या तिच्या, कष्ट तिचे, उद्या त्याच भावांच्या दारात जाणारी तीच. कलावंत आठवड्यानं रेल्वेत बसून जाणार होती.

जे प्रत्यक्ष उभं राहिलं

नकाशा रद्द झाला. मुशी सोप्यात एका रांगेत, भिंतीलगत जमिनीवर ठेवल्या, गावातल्या निरनिराळ्या दुकानदारांकडून मागवलेल्या. वापरलेल्या मुशीच्या आत टाकणखाराचा काचेसारखा थर बसतो, कुठं हिरवट, कुठं विटकरी. दुपारचं ऊन तिरकं आलं की तो चमकायचा. वेगळा दिवा लावायची गरज पडली नाही.

सोप्याच्या दारापासून माजघरातून देवघरापर्यंत मंडपवाल्याकडची तार ओढली, छातीच्या उंचीवर. तिला चिमट्यांनी कागद लावले, तारखांच्या क्रमानं. दाराशी मनीऑर्डरची कुपनं, मधे लाइटबिलं, देवघराजवळ घरपट्टीच्या पावत्या. माणूस आत जाईल तसं आजोबांचं अक्षर मागं पडायचं आणि आत्याचं नाव येत राहायचं. वंशावळीची भिंत या तारेच्या बरोबर समोर. तिच्याखाली कमरेएवढ्या उंचीचा पट्टा चुन्यानं नव्यानं पांढरा केला आणि गेरूची वाटी, काडीला गुंडाळलेला कापूस ठेवला. वर फक्त एवढं लिहिलं: या घरातून गेलेल्या आणि या घरात आलेल्या.

या पट्ट्याची कल्पना आयत्या वेळची होती, आणि सगळं काम शेवटी त्याच्यावरच उभं राहिलं.

यात्रेचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी पुरुषच आले. पालखी गेल्यावर, कुस्त्यांच्या आधी. ते मुशींपाशी थांबायचे, उचलून आत बघायचे आणि आतल्या थरावरून सोनं गाळलंय की चांदी यावर वाद घालायचे. एका वयस्कर गलाईवाल्यानं मूस खाली ठेवताना सांगितलं, की त्याच्या थोरल्या भावाची छाती त्या धुरानंच गेली. तारेकडं त्यातल्या थोड्यांनीच लक्ष दिलं. कोची, कानपूर, सिलिगुडीहून आलेली पोरं एकमेकांशी हिंदीत बोलत मोबाइलवर फोटो काढत होती. एकीनं मात्र सगळी कुपनं वाचली. तिला देवनागरी सावकाश वाचता येत होतं, त्यामुळं तिला तासभर लागला.

बायका दुपारनंतर आल्या, स्वयंपाक उरकून. आधी कुणी गेरूला हात लावेना. आत्यानं स्वतःचं नाव काढलं, मग धाकट्या बहिणीचं, मग भाचीचं. त्यानंतर भावकीतली एक म्हातारी पुढं झाली. तिनं भाचीकडून जे नाव लिहून घेतलं, ते ऐकून तिची सून म्हणाली, “आत्याबाई, हे कुणाचं?” ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात नाव बदललं, आईबाप गेले, भाऊ गेला. त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि घरातल्या सुनेनं ते कधी ऐकलं नव्हतं. मग रांग लागली. बायका एकमेकींना माहेरची नावं सांगू लागल्या, हसू लागल्या, काही डोळे पुसू लागल्या. लिहिता येणाऱ्या पोरी न येणाऱ्यांची नावं लिहीत होत्या. दुसऱ्या दिवशी पट्टा पुरला नाही, म्हणून माजघराच्या दुसऱ्या भिंतीवर चुना मारावा लागला. ज्या घराचा या घराशी काडीचा संबंध नाही, त्या घरच्याही बायका येऊन नावं लिहून गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही.

हे कुणी योजलं नव्हतं. पण ते घडायला जागा ठेवली होती, आणि कलावंतानं नेमकं तेवढंच करावं असं मला वाटतं. तिनं स्वतः ती नावं गोळा करून छापून लावली असती, तर त्या म्हातारीनं ते नाव कधी उच्चारलं नसतं. गावावर, घराण्यावर काम करणाऱ्या मुलांना मी आता एकच गोष्ट आग्रहानं विचारतो: तुम्ही आठवणी गोळा करताय, पण घराची पट्टी कोण भरतंय ते बघितलंत का? आपण कुठले हे आठवणींतून जितकं ठरतं, त्याहून जास्त ते अशा नेमानं केलेल्या कामांतून ठरतं, आणि ती कामं बहुधा ज्यांची नावं वंशावळीत नसतात तेच करत असतात.

एक उणीवही सांगायला हवी. शेतावर आणि घरकामाला वर्षानुवर्षं येणाऱ्या कुटुंबातल्या बाईनंही घर सांभाळायला हात लावलेला आहे. ती दारापर्यंत आली, आत आली नाही. ‘या घरात आलेल्या’ या शब्दांत आपण मोडतो असं तिला वाटलं नसावं. यावर भाचीचा आणि माझा विचार अजून चालू आहे.

सध्या

हे काम कोइमतूरला, राजा स्ट्रीटच्या सराफी पेठेजवळ एखाद्या जागेत दाखवायचं चाललंय. तिकडच्या मराठी दुकानदारांनी मदत कबूल केली आहे. मुशी तिथं मिळतील, वंशावळ पुन्हा रंगवता येईल. मूळ पावत्या मात्र आत्यानं दिल्या नाहीत. ग्रामपंचायतीत गेलं की मागची पावती दाखवाय लागती, असं तिचं म्हणणं, म्हणून तिकडं रंगीत झेरॉक्स जातील. हक्कसोडपत्राचा मसुदा सही न होता धाकट्या चुलत्यांकडं आहे. थोरल्या चुलत्यांनी हेळव्याला फोन करून पुढच्या फेरीत मुलींची नावं लिहायची काय घेशील ते विचारलं. वडिलांना विचारून सांगतो, असं त्यानं कळवलंय.